वारशातला परक्याचा वाटा

२०२४ च्या एप्रिल महिन्यात, लोकसभा निवडणुकीची रणधुमाळी ऐन भरात असताना, विस्मरणात गेलेला एक शब्द एकाएकी घरोघरी बोलला जाऊ लागला : वारसाकर. सॅम पित्रोदा यांनी अमेरिकेतील अशा कराचा दाखला दिला आणि आपल्याकडेही या विषयाची चर्चा व्हावी, असे सुचवले. लगोलग काँग्रेस पक्षाने ते त्यांचे वैयक्तिक मत ठरवून अंग काढून घेतले. पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी आयुर्विम्याच्या सुपरिचित घोषवाक्याची फिरकी घेत, हा पक्ष तुम्हांला मेल्यानंतरही लुटणार, असा टोला हाणला. चार दिवस धुरळा उडाला, मतदान झाले, निकाल लागला आणि तो शब्द पुन्हा अडगळीत गेला. चर्चा मात्र झालीच नाही. पित्रोदा यांनी सांगितलेला ५५ टक्क्यांचा आकडासुद्धा कोणी धड तपासला नाही. अमेरिकेच्या केंद्र सरकारचा हा कर ४० टक्के आहे आणि २०२४ साली सुमारे १ कोटी ३६ लाख डॉलरपर्यंतच्या मालमत्तेस तो लागतच नव्हता.

नवल याचे वाटते की, ज्यांच्या नावे चार बांध्या धानाच्या आणि एक कौलारू घर, एवढाच काय तो संसार, त्यांच्याही पोटात त्या दिवसांत गोळा आला. हे भय केवळ अडाणीपणातून आले, असे म्हणून त्याची हेटाळणी करणे बरे नव्हे. बापाने मुलासाठी काही मागे ठेवावे, ही माणसाच्या अंतःकरणातील फार खोलवरची इच्छा आहे आणि तिच्यावर कोणी हात टाकतो आहे असे वाटताच गरिबालाही ते आपल्यावरचेच संकट भासते. तेव्हा प्रश्न नीट मांडायला हवा. मेलेल्या माणसाच्या मालमत्तेतून समाजाने वाटा मागणे न्याय्य आहे काय?

प्रथम थोडा इतिहास. हा कर आपल्या देशाला नवा नाही. चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री असताना १९५३ साली 'इस्टेट ड्यूटी' म्हणजे लोकभाषेत मृत्युकर सुरू झाला. १५ ऑक्टोबर १९५३ पासून तो अमलात आला. पुढे त्याचे दर इतके चढले की, वीस लाखांवरील मालमत्तेस ८५ टक्के कर लागू लागला. कागदावर हे भयंकर दिसते. प्रत्यक्षात काय झाले? श्रीमंतांनी हयातीतच मालमत्ता मुलांच्या नावे केल्या, विश्वस्त निधी स्थापले, एकत्र कुटुंबाच्या वाटण्या कागदोपत्री फिरवल्या. मृत्यूपूर्वी दोन वर्षांच्या आत दिलेल्या देणग्या कायद्याने हिशेबात धरल्या जात. पण मृत्यूची तजवीज दोन वर्षांपेक्षा आधी करणे सधन माणसाला जड नव्हते. कचाट्यात सापडला तो अचानक दगावलेला मध्यमवर्गीय आणि त्याची गोंधळलेली विधवा. त्याच मालमत्तेवर संपत्ती कर निराळा, त्याचे अधिकारी निराळे, मूल्यांकन निराळे. १६ मार्च १९८५ रोजी अर्थमंत्री विश्वनाथ प्रताप सिंह यांनी अर्थसंकल्प मांडताना हा कर रद्द केला. वर्षाकाठी सुमारे वीस कोटींचे उत्पन्न आणि त्यामानाने वसुलीचाच खर्च मोठा, हे त्यांचे कारण होते. नंतर १९९८ मध्ये देणगी कर गेला, तर २०१५ च्या अर्थसंकल्पात संपत्ती करही गेला. आज मरणाऱ्याची मालमत्ता कितीही असो, ती वारसांकडे जाताना केंद्र सरकार एक रुपयाही घेत नाही.

राज्यघटनेतील नोंदी मात्र कायम आहेत. शेतजमीन सोडून इतर मालमत्तेवर मृत्युकर बसवण्याचा अधिकार केंद्राच्या सूचीत आहे, तर शेतजमिनीवरचा राज्यांच्या. म्हणजे दिल्लीतील कोणीही उठून पवनीच्या शेतकऱ्याच्या बांधीवर वारसाकर लावील, ही भीती घटनेच्या चौकटीतच बसत नाही. निवडणुकीच्या सभांत एवढी एक गोष्ट कोणी सांगितली असती, तर अनेकांना सुखाची झोप लागली असती.

त्याच वर्षी २३ जुलै रोजी निर्मला सीतारामन यांनी अर्थसंकल्प मांडला आणि वारशाचा प्रश्न मागच्या दाराने पुन्हा घरात शिरला. घर किंवा भूखंड विकताना होणाऱ्या नफ्यावरचा कर २० टक्क्यांवरून १२.५ टक्क्यांवर आणला गेला, पण खरेदीची किंमत महागाईच्या प्रमाणात वाढवून धरण्याची सवलत काढून घेतली. वडिलांनी घेतलेले घर मुलाने विकले, तर कायद्याच्या दृष्टीने खरेदीची किंमत ही वडिलांचीच. त्यामुळे झळ पोहोचणार होती ती बहुतांशी वारसांना. ओरड झाली, आणि ऑगस्टमध्ये सरकारने दुरुस्ती करून, त्या तारखेपूर्वी घेतलेल्या जमिनी व घरांबाबत जुनी किंवा नवी, कोणतीही पद्धत निवडण्याची मोकळीक दिली. खेड्यातील शेतजमिनीला हा कर लागू नाही. परंतु पवनीसारख्या दहा हजारांहून अधिक वस्तीच्या नगर परिषदेची हद्द आणि तिच्याभोवतीचे दोन किलोमीटर यांतील शेत विकले, तर ते खेड्यातले धरले जात नाही. अशा बारीकसारीक रेघांवर कुटुंबाचे भवितव्य ठरत असते आणि त्या रेघा ओढणाऱ्यांनी आमचे गाव बहुधा नकाशावरही पाहिलेले नसते!

आता मूळ प्रश्नाकडे वळू. वारशात तीन जण गुंतलेले असतात : जो गेला तो, ज्याला मिळाले तो, आणि ज्यांच्यामध्ये राहून ते मिळवले गेले तो समाज. गेलेल्याचा हक्क भक्कम आहे. त्याने घाम गाळला, पोटाला चिमटा घेतला आणि देण्याचा आनंद हा कमावण्याच्या हक्काचाच भाग आहे. वारसाचा हक्क मात्र तितका सरळ नाही. त्याचे कर्तृत्व एवढेच की तो त्या घरी जन्मला. जॉन स्टुअर्ट मिल या इंग्रज विचारवंताने १८४८ साली याच भेदावर बोट ठेवले. माणसाने किती मागे ठेवावे यावर बंधन नको, तर एका माणसाने श्रमाविना किती घ्यावे यावर असावे, असा त्याचा विचार. हा भेद वाटतो तितका पुस्तकी नाही. आपला १९५३ चा कायदा एकूण मालमत्तेवर कर लावी. मग मागे एक मूल असो की सात, कर तेवढाच. सात लेकरांच्या बापावर आणि एकुलत्या एकाच्या बापावर सारखेच ओझे टाकणाऱ्या या पद्धतीस न्याय म्हणता येईल काय? प्रत्येक वारसाच्या हाती पडणाऱ्या वाट्यावर, तोही एका मोठ्या मर्यादेपलीकडे, कर असता तर मालमत्ता अनेकांत वाटून देणाऱ्याला तो हलका पडला असता.

पवित्र शास्त्राकडे वळावे, तर तेथे एकच एक उत्तर हाती येत नाही. नाबोथाच्या द्राक्षमळ्याची कथा आपल्याला ठाऊक आहे. राजाने दाम देऊ केला, बदली मळा देऊ केला, तरी वाडवडिलांचे वतन विकायला त्याने नकार दिला आणि त्यापायी जीव गमावला. तेथे शास्त्र उघडपणे वारसाच्या बाजूने, राजसत्तेच्या विरुद्ध उभे आहे. पण लेवीय पुस्तकात योबेल वर्षाचा नियम आहे : पन्नासाव्या वर्षी विकली गेलेली जमीन मूळ कुटुंबाकडे परत जावी, कारण जमिनीचा खरा धनी परमेश्वर आणि माणसे तिच्यावरची उपरी. म्हणजे नाबोथाला त्याचा मळा मिळावा, पण अहाबाने पिढ्यान्‌पिढ्या दहा नाबोथांचे मळे गिळून बसू नये. दोन्ही कथांमागचा न्याय एकच आहे.

ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीतही हेच दोन धागे आहेत. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ च्या 'रेरुम नोव्हारुम' या परिपत्रकात खासगी मालमत्तेचा आणि बापाने मुलांसाठी ती मागे ठेवण्याचा हक्क निःसंदिग्धपणे मांडला आणि कराच्या नावाखाली सरकारने वाजवीपेक्षा अधिक ओरबाडणे हा अन्याय ठरवला. अकरावे पायस यांनी १९३१ मध्ये त्यास दुजोरा दिला. वारसाकराचे विरोधक या दोन परिपत्रकांपाशी थांबतात. पण १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, सृष्टीतील संपत्ती सर्व माणसांसाठी आहे, हे जुनेच तत्त्व नव्या जोमाने पुढे आणले. सहावे पॉल यांनी १९६७ मध्ये संत अँब्रोझ यांचा हवाला देऊन सांगितले की, श्रीमंत गरिबाला देतो तेव्हा तो आपले देत नसून त्याचे त्याला परत करत असतो. पुढे १९७९ साली मेक्सिकोतील पुएब्ला येथे दुसरे जॉन पॉल यांनी, प्रत्येक खासगी मालमत्तेवर एक सामाजिक गहाण आहे, असा शब्दप्रयोग केला. आपल्या शेतकऱ्याला हे समजावून सांगायला तत्त्वज्ञान नको. सातबाऱ्यावर मालकाच्या नावाखेरीज 'इतर अधिकार' असा एक रकाना असतो आणि सोसायटीच्या किंवा बँकेच्या कर्जाचा बोजा त्यात चढतो. बोजा असला म्हणून मालक मालक राहत नाही असे नव्हे. पण वारसाच्या नावे फेरफार झाला तरी बोजा उतरत नाही, तो जमिनीबरोबर येतो.

हा बोजा कोणी, किती फेडला, हे पाहायचे असेल तर पवनीहून अधिक चांगली जागा सापडायची नाही. वैनगंगेवरील गोसे धरण याच तालुक्यात आहे. २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधी यांच्या हस्ते त्याची कोनशिला बसली. भंडारा, नागपूर आणि चंद्रपूर या जिल्ह्यांतील अडीच लाख हेक्टर जमीन त्याच्या पाण्याने भिजावी, असा संकल्प. त्यासाठी ज्यांची शेते, घरे, गोठे, देवळे आणि स्मशाने बुडितात गेली, त्यांनी आपला वारसा समाजाच्या हितासाठी दिला. किती टक्के? सगळा. भूसंपादनास मोबदला असतो, कराला नसतो, हा आक्षेप रास्त आहे. पण तो मोबदला काय असतो, तेही पाहावे. एका बापाच्या नावावर आठ एकर असते, त्याची रक्कम येते, चार भावांत वाटली जाते, त्यातून एक मोटारसायकल, एका मुलीचे लग्न, एक अर्धे बांधलेले घर निघते आणि पुढच्या पिढीच्या हाती शेतकरी म्हणवून घेण्यापुरतीही जमीन उरत नाही. प्रकल्पग्रस्तांच्या दीर्घ आंदोलनांनंतर, कोनशिलेला पाव शतक लोटल्यावर, २०१३ मध्ये सुमारे १,१९९ कोटी रुपयांचे विशेष पॅकेज राज्य सरकारने जाहीर केले, यावरूनच पहिला मोबदला किती अपुरा होता हे उघड व्हावे. धरण नको होते, असे माझे म्हणणे नाही. मी एवढेच म्हणतो की, सार्वजनिक हितासाठी वाडवडिलांचे वतन मागणे हा अधर्म असेल, तर तो वैनगंगेच्या काठी केव्हाच घडून गेला आहे आणि तेव्हा शहरातल्या कोणाच्या पोटात गोळा आल्याचे ऐकिवात नाही. ज्याचे शेत नदीकाठी होते त्याने सर्वस्व दिले, ज्याचे पैसे समभागांत आणि सदनिकांत होते त्याच्याकडे कोणी काही मागितले नाही.

शेतजमिनीला आणखी एक कुंपण आहे, ते वारसाकराच्या वादात कोणी ध्यानात घेत नाही. महाराष्ट्राचा कमाल जमीनधारणा कायदा १९६१ चा. कोरडवाहू जमीन एका कुटुंबाला ५४ एकरांहून अधिक ठेवता येत नाही, बारमाही ओलिताची असेल तर १८ एकरांहून अधिक नाही. म्हणजे शेतकऱ्याच्या मुलाने वारशात किती घ्यावे, याची सीमा कायद्याने केव्हाच आखली. सोन्याला, समभागांना, मुंबईतील इमारतींना अशी सीमा नाही. २०२४ च्या मार्चमध्ये थॉमस पिकेटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाप्रमाणे २०२२-२३ मध्ये देशातील वरच्या एक टक्का लोकांकडे एकूण संपत्तीचा ४०.१ टक्के हिस्सा होता. याच अभ्यासकांनी पुढे सुचवलेला वारसाकर दहा कोटी रुपयांवरील मालमत्तेपुरता आणि ३३ टक्के होता. दहा कोटींची मर्यादा ऐकल्यावर आपल्या धर्मग्रामातील किती कुटुंबांनी काळजी करावी, हे ज्याचे त्याने ठरवावे.

तरीही, मर्यादा मोठी ठेवली की प्रश्न सुटला, असे मला वाटत नाही. आणि याचेही कारण आमच्याच जिल्ह्यात आहे. भंडाऱ्याला तलावांचा जिल्हा म्हणतात. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजाने आणि पुढे मालगुजारांनी बांधलेले हे तलाव म्हणजे धानाच्या शेतीचा प्राण. मालगुजारी ही वंशपरंपरेने चालणारी, वारशाने येणारी सत्ता होती. तिच्यात वेठ होती, जुलूम होता आणि ती गेली याबद्दल अश्रू ढाळण्याचे कारण नाही. ३१ मार्च १९५१ पासून, भंडारा तेव्हाच्या मध्य प्रदेशात असताना, मालकी हक्क निर्मूलनाचा कायदा येथे अमलात आला. मालगुजाराकडे सीर आणि खुदकाश्त जमीन राहिली, तलाव सरकारजमा झाले. 'माजी मालगुजारी तलाव' असे त्यांचे सरकारी नाव पडले, त्यातून आद्याक्षरे घेऊन लोकांनी 'मामा तलाव' केले. नाव गोड झाले, तलाव मात्र पोरके झाले. मालगुजार स्वतःच्या धानासाठी का होईना, दरवर्षी पाळ दुरुस्त करून घेई, पाटकरी नेमी, गाळ काढवी. सरकारच्या लेखी ते हजारो तलावांपैकी एक झाले. कित्येकांत गाळ साचला, पाळी खचल्या, काठावर अतिक्रमणे झाली. ढिवर बांधवांच्या सहकारी संस्थांनी मासेमारीच्या निमित्ताने काही तलाव जिवंत ठेवले, ते त्यांचे उपकार.

वारसाच्या हातून घेतलेली वस्तू समाजाच्या हाती देणे आणि सरकारच्या हाती देणे यांत अंतर आहे, ते या गाळात दिसते. समाजाचा हक्क मी मान्य करतो, म्हणून सरकारच्या तिजोरीवरचा माझा अविश्वास संपत नाही. १९८५ साली मृत्युकर रद्द झाला तेव्हा त्याच्या वीस कोटींतून कोणत्या गावातील शाळा उभी राहिली, हे कोणी विचारले नाही, कारण सांगता आले नसते. पुन्हा असा कर यायचा असेल, तर राहते घर आणि स्वतः कसत असलेली जमीन त्यातून सोडावी, वाटा वारसागणिक मोजावा आणि वसूल झालेली रक्कम कोठे खर्च झाली ते गावातल्या माणसाला वाचता येईल अशा भाषेत छापावे. ब्रिटनमध्ये २०२४ च्या ऑक्टोबरात रेचेल रीव्ह्‌ज यांच्या अर्थसंकल्पाने शेतीवरील वारसाकराची जुनी सूट आखडली, तेव्हा पुढच्याच महिन्यात शेतकरी निदर्शनांसाठी लंडनच्या रस्त्यांवर उतरले. कागदावर लक्षाधीश आणि हातात रोकड नाही, ही त्यांची तक्रार आपल्या शेतकऱ्याला चांगली समजेल.

आपण ख्रिस्ती कुटुंबे कोणत्या कायद्याने वारस ठरतो, हेही या निमित्ताने पाहावे. १९२५ च्या भारतीय वारसा कायद्यानुसार, मृत्युपत्र नसेल आणि मुले असतील, तर विधवेला एक तृतीयांश आणि उरलेले मुलगे व मुली यांना समान. केरळमधील सिरियन ख्रिस्ती भगिनींना हा समान हक्क मिळण्यासाठी मेरी रॉय यांना सर्वोच्च न्यायालयात जावे लागले आणि १९८६ मध्ये तो मिळाला. त्याच १९२५ च्या कायद्यात एक विचित्र कलम होते. जवळचे नातलग असलेल्या ख्रिस्ती माणसाने मृत्युपत्राने धर्मादायास काही द्यायचे, तर ते मृत्यूच्या किमान बारा महिने आधी लिहिलेले असावे लागे. मरणशय्येवर ज्याला गरिबांची आठवण झाली, त्याचे दान रद्द! फादर जॉन वल्लमट्टम यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली हे कलम घटनाबाह्य ठरवले. तेव्हापासून ही अडचण नाही. तरी आपल्यात मृत्युपत्र लिहिणारे किती, आणि त्यात गावच्या शाळेला, दवाखान्याला, एखाद्या भूमिहीनाच्या मुलाला एक ओळ देणारे किती? सरकारने वाटा मागू नये असे म्हणणाऱ्याने, तो आपण होऊन दिल्याचे दाखवायला काय हरकत आहे?

आणि एक वारसाकर आपण घरच्या घरी वसूल करतो. त्याचा दर कोणत्याही सरकारने लावला नसेल इतका आहे आणि तो फक्त मुलींना लागू आहे. बाप गेल्यावर वारसांची नावे सातबाऱ्यावर चढतात, मग काही महिन्यांत भाऊ बहिणीला तालुक्याला घेऊन जातो, हक्कसोडपत्रावर तिची सही होते, एखादी साडी होते. कायदा तिला समान वाटा देतो आणि माहेर तुटू नये म्हणून ती तो सोडते. ती खुशीने देते, असे सारे सांगतात. कधी कधी ते खरेही असेल. पण नकार दिला असता तर दिवाळीला किंवा नाताळला तिला कोणी बोलावले असते का, हे विचारल्याशिवाय ती खुशी कशी मोजायची? राज्य सरकारने २०१५ पासून राहते घर किंवा शेतजमीन मुलांना बक्षीसपत्राने देण्याचे मुद्रांक शुल्क अवघे २०० रुपये केले. मुलीला हयातीत द्यायचे, तर खर्चाची सबब उरलेली नाही.

गणना या पुस्तकात सलाफहादच्या पाच मुली मोशेपुढे उभ्या राहून बापाचा वाटा मागतात, आणि परमेश्वर त्यांचे म्हणणे बरोबर ठरवतो. लूकच्या शुभवर्तमानात गर्दीतला एक माणूस येशूला म्हणतो की, माझ्या भावाला वतनाची वाटणी करायला सांग. प्रभू न्यायाधीश व्हायला नकार देतो, लोभाविषयी सावध करतो आणि कोठारे वाढवणाऱ्या श्रीमंताचा दाखला सांगतो. त्या भावाने पुढे वाटणी दिली की नाही, ते लूक सांगत नाही. त्यांना बहीण होती की नाही, तेही नाही.